एकच हार्ड डिस्क बरी की दोन जोडून रेड झिरो?

लग्नसराई जवळ आली की जळगावात एडिटिंग करणाऱ्या पोरांचा प्रश्न ठरलेला, भो दोन डिस्क टाकून रेड करू का, म्हणजे दोन्ही जोडून कॉम्प्युटरला एकच डिस्क दाखवायची, स्पीड डबल होतो म्हणे आणि डाटा पण सेफ राहतो. स्पीडचं अर्धं खरं, सेफचं साफ चूक, आणि घोळ सगळा नावामुळं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन, कॅट्झ या तिघांनी रेडवर पेपर लिहिला, त्यात आर म्हणजे रिडंडंट, जादा राखीव ठेवलेलं, एक डिस्क मेली तरी डाटा वाचला पाहिजे. त्या पेपरात लेव्हल १ ते ५ होत्या, झिरो नव्हतीच, ती मागून चिकटली. तुम्हाला सेफ म्हणून जी ऐकू आली ती रेड वन, तिच्यात दोन्ही डिस्कवर सेम कॉपी असते.

झिरोमध्ये फाइलचे बारीक तुकडे होतात, ६४ किंवा १२८ केबीचे वगैरे, एक तुकडा या डिस्कवर, पुढचा त्या डिस्कवर. दाणा बाजारात ट्रक खाली करायला एकाऐवजी दोन हमाल लावले तर काम निम्म्या वेळात होतं ना, तसंच. ७२०० आरपीएमची एक डिस्क सेकंदाला साधारण १५०-२०० एमबी देते, दोन मिळून ३०० च्या वर जातात. पण गोदामात मागं पडलेलं एकच पोतं आणायचं असेल तर दुसरा हमाल काय करणार? बारक्या बारक्या फाइली शोधताना डिस्कचं डोकं, म्हणजे डाटा वाचणारा हेड, फिरायला जो वेळ लागतो तो तेवढाच राहतो, म्हणून विंडोज उघडायला फार फरक पडत नाही.

आणि धोका. समजा एक डिस्क वर्षात मरायचा चान्स ५ टक्के, तर दोघींपैकी एक तरी मरायचा पावणेदहा टक्के, आणि एक मेली की दुसरीवर उरतात नुसते अर्धे तुकडे, एकही मोठी फाइल धड उघडत नाही. माझं झालंय हे, मे महिन्यात, एका हळदीचं सगळं फुटेज, गिऱ्हाईक रोज फोन करून विचारायचं, मना डाटा कथा ग्या रे भो, माझा डाटा कुठं गेला.

मुळात तेवढा स्पीड लागतो का हे कोणी बघतच नाही. १०० एमबीपीएसचं फोर-के फुटेज म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे साडेबारा एमबी, हे एकटी डिस्क आरामात देते! टाइमलाइन अडकते ती बहुतेक वेळा एच २६५ म्हणजे फार दाबून बारीक केलेला व्हिडिओ उलगडताना प्रोसेसरचा दम निघतो म्हणून, तिथं प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉप्या बनवा, डिस्क जोडून काही होत नाही. चार-पाच कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम असेल तर डोकं इकडून तिकडं नाचतं, मग डिस्क खरंच कमी पडते, पण त्याला एक साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरतं डोकं नसलेली चिपवाली डिस्क घ्या, ती एकटीच ५०० च्या वर देते.

मी आता दोन डिस्क वेगवेगळ्याच ठेवतो, एकीवर काम आणि दुसरीवर रोज रात्री कॉपी. तरी झिरो करायचंच असेल तर त्यावर फक्त कॅश, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली, आणि प्रॉक्सी टाका, ते गेलं तर परत बनतं. आणि जुनी १ टीबी अन् नवी २ टीबी जोडू नका, ३ टीबी मिळत नाही, धाकटीच्या मापानं दोन्ही धरतात, हातात २ टीबीच येते.