क्रीमच्या पुडीपासून फिल्टरपर्यंत: तरुणांच्या न्यूनगंडामागची पार्श्वभूमी

‘माझा फोटो नको, मी चांगली दिसत नाहीये’ हे वाक्य नाशिकमधल्या आठवी-नववीच्या मुलींच्या तोंडी आता रोजचं झालं आहे. मुलंही मागे नाहीत. कॉलेज रोडवर क्लास सुटल्यावर घोळक्यात सेल्फी निघतो, तो दुरुस्त होतो आणि मगच स्टेटसला लागतो. दुरुस्त न केलेला फोटो मैत्रिणीने टाकला तर अबोला धरला जातो. घरची मोठी माणसं याला नखरे म्हणून मोकळी होतात. पण ज्या चेहऱ्याशी ही मुलं स्वतःची तुलना करतात तो चेहरा त्यांनी घडवलेला नाही. तो घडत गेला गेल्या पन्नास वर्षांत, आणि त्यातले बरेचसे निर्णय तारखेनिशी सांगता येतात.

गोरेपणाची ओढ जाहिरातींच्याही आधीची आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. स्थळाच्या बायोडाटात शिक्षण, गोत्र, नाडी यांच्या सोबतीने ‘वर्ण’ हा रकाना होताच, आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशी उतरंड होती. काळ्या पाषाणातल्या रामापुढे रोज हात जोडणारं हे शहर, पण पंचवटीतल्या घरांमधल्या बायोडाटांतही तो रकाना होता. स्थळासाठी फोटो काढायला मुलीला स्टुडिओत नेलं जाई. कृष्णधवल फिल्मच्या काळात कारागीर निगेटिव्ह काचेवर ठेवून, टोकदार शिसपेन्सिलीने डोळ्यांखालची वर्तुळं आणि मुरमांचे डाग भरून काढत. निगेटिव्हवर शिसं जिथे बसेल, तिथे छापील फोटो उजळ येतो. म्हणजे चेहरा दुरुस्त करण्याची कला जुनीच आहे. फरक इतकाच, की तेव्हा ती आयुष्यात एखाद्या वेळी वापरली जाई आणि मुलगी स्वतःची तुलना फार तर चुलत-मावस बहिणींशी करे.

१९७५ मध्ये गोरेपणाचं वचन देणारं क्रीम भारतीय बाजारात आलं. पुढे ते छोट्या पुडीत मिळू लागलं आणि किराणा दुकानात शाम्पूच्या माळेशेजारी लटकलं. खोक्यावर चेहऱ्यांची एक पट्टी छापलेली असे. तोच चेहरा गडद छटेपासून फिकट छटेपर्यंत ओळीने. मुली ती पट्टी गालाशी धरून आपण कुठे बसतो ते पाहत. आईने किंवा शेजारणीने मारलेल्या टोमण्याला या पट्टीने मोजमाप दिलं, आणि मोजमाप आलं की ते शास्त्रीय वाटू लागतं. जाहिरातींनी आणखी एक पाऊल टाकलं. गोरेपणा लग्नापुरता न ठेवता त्यांनी तो नोकरीला जोडला. एका जाहिरातीत मुलगा असता तर बरं झालं असतं, असं बाप म्हणतो. मुलगी क्रीम लावते, उजळते आणि विमान कंपनीत कामाला लागते. महिला संघटनेच्या तक्रारीवरून २००३ मध्ये सरकारने अशा जाहिराती दूरचित्रवाणीवरून काढायला लावल्या. तोवर एक पिढी त्या पाहून मोठी झाली होती.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, १९९४ मध्ये एकाच वर्षी जगातले दोन मोठे सौंदर्यमुकुट भारतात आले आणि ब्युटी पार्लर गल्लोगल्ली पोहोचलं. पडद्याचा परिणाम किती झपाट्याने होतो याचा सर्वात स्पष्ट पुरावा मात्र फिजीतला आहे. तिथल्या एका भागात दूरचित्रवाणी १९९५ मध्ये पोहोचली. तोवर तिथे भरलेलं शरीर चांगलं मानलं जाई. शाळकरी मुलींच्या पाहणीत प्रश्नावलीत खाण्याविषयीच्या वर्तनात बिघाड दाखवण्याइतके गुण १९९५ मध्ये १२.७ टक्के मुलींना होते, १९९८ मध्ये २९.२ टक्के. तीन वर्षांत एवढा फरक. आपल्याकडे वाहिन्या आल्या तेव्हा अशी मोजणी कुणी मुलींमध्ये केली असती, तर पडद्याचा दोष किती यावरून आज इतकी भांडणं झाली नसती.

आता २०२०. या वर्षावर थोडं थांबायला हवं, कारण त्या वर्षी जे घडलं आणि जे राहून गेलं त्याचे परिणाम आजही दिसतात.

फेब्रुवारीत केंद्राने एक मसुदा जाहीर केला. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. तिच्यात ५४ आजार आणि अवस्था आहेत, ज्या बऱ्या करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. मसुद्यात ही यादी ७८ वर नेण्याचा प्रस्ताव होता आणि नव्या नोंदींत त्वचेचा गोरेपणा होता. पहिल्या गुन्ह्याला सध्या सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ती दोन वर्षांपर्यंत आणि दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत, असं सुचवलं होतं. इंटरनेटवरची जाहिरातही त्यात येणार होती.

अडचण कायद्याच्या पोटात आहे. तो औषधांच्या जाहिरातींना लागतो. गोरं करण्याचं वचन देणारी बहुतेक क्रीम्स मात्र १९४० च्या कायद्याखाली सौंदर्यप्रसाधनं म्हणून परवाना घेतात आणि रूप बदलणं, खुलवणं हे प्रसाधनाच्या व्याख्येतच बसतं. मग हा मसुदा त्यांना लागू झाला असता का? एक बाजू म्हणते, आयुर्वेदिक परवान्याची क्रीम्स तेवढी अडकली असती आणि मोठ्या कंपन्या सुटल्या असत्या. दुसरी म्हणते, त्वचेतलं रंगद्रव्य कमी करण्याचा दावा म्हणजे शरीराच्या कार्यात फेरफार. मग त्याला औषध का म्हणू नये? मला दुसरी बाजू पटते. वस्तू विकताना शास्त्राचा आधार घ्यायचा आणि कायदा आला की हे फक्त प्रसाधन म्हणायचं, हे दोन्ही एकाच तोंडाने चालू देऊ नये. पण वाद निकाली निघालाच नाही. तो मसुदा कायदा झाला नाही.

जूनमध्ये अमेरिकेतल्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाचा रेटा जगभर पोहोचला आणि १९७५ मध्ये आलेल्या त्या क्रीमच्या कंपनीने स्वतःहून नावातून गोरेपणा काढत असल्याचं सांगितलं. जुलैत नवं नाव आलं, ‘ग्लो’ घालून. छटांची पट्टी त्याआधीच, २०१९ मध्ये, खोक्यावरून गेली होती. लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने त्याच जूनमध्ये त्वचेच्या रंगावरून स्थळं गाळण्याची सोय काढली. या बदलांचं स्वागत झालं आणि ते योग्यच होतं. कायद्याच्या तुलनेत नाव बदलायला वेळ कमी लागतो आणि तो बदल खेड्यातल्या दुकानापर्यंत पोहोचतो. तरीही मला खटकतं ते हे, की कंपनीच्या घोषणेचे मथळे झाले आणि फेब्रुवारीतल्या मसुद्याची आठवण कुणाला राहिली नाही. सिडकोतल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक आजही क्रीम जुन्याच नावाने मागतं आणि दुकानदार नवी पुडी काढून देतो.

औषध की प्रसाधन हा घोळ कागदापुरता नाही. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बीटामेथासोन, क्लोबेटासोलसारख्या स्टेरॉइडच्या मलमांचा वापर चेहरा उजळवण्यासाठी सर्रास होत आला. मैत्रिणीने सांगितलं, पार्लरमध्ये सुचवलं, एवढ्यावर ट्यूब आणली जाते. सुरुवातीला रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रंगद्रव्य कमी तयार होतं, चेहरा खरंच गोरा दिसतो. काही आठवड्यांनी कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, पुरळ येतं. मलम बंद केलं की आग होते, चेहरा लाल होतो, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं ओरड केल्यावर २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमं अनुसूची ‘एच’मध्ये गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम आला तरी मागणी गेली नाही, कारण ज्या चेहऱ्यासाठी हे लावलं जातं तो समोरून हटलेला नाही.

मुलांची वेगळी गोष्ट नाही, उशिरा सुरू झाली एवढंच. २००५ मध्ये पुरुषांसाठीचं गोरेपणाचं क्रीम आलं, त्यानंतर पडद्यावर सिक्स पॅक आले आणि सातपूर-अंबडपर्यंत जिममध्ये गर्दी होऊ लागली. मुलगी निदान आईजवळ रडते. मुलगा बारीक आहे म्हणून बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो आणि कुणाला सांगत नाही.

फोनने काय बदललं? २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला, २०२० मध्ये एका चिनी अॅपवर बंदी आली आणि काही दिवसांतच इन्स्टाग्रामवर रील्स सुरू झाली. जाहिरातीतली बाई मुंबईची होती. रीलमधली मुलगी गंगापूर रोडची आहे, शेजारच्या वर्गातली आहे, आणि तिचा चेहरा फिल्टरने बदललेला आहे. फिल्टर चेहऱ्यावरचे बिंदू ओळखतो, डोळे मोठे करतो, नाक बारीक करतो, कातडी उजळवतो, आणि हे सगळं कॅमेरा चालू असतानाच. स्वतःचाच दुरुस्त चेहरा रोज पाहिल्यावर आरशातला चेहरा उणा वाटू लागतो. २०२१ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने इन्स्टाग्रामच्या कंपनीचीच अंतर्गत पाहणी उघड केली. शरीराबद्दल वाईट वाटत असताना अॅपमुळे ते आणखी वाईट वाटलं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी म्हटलं होतं. कंपनीने हा अर्थ नाकारला. सगळ्यांवर सारखा परिणाम होत नाही, हे संशोधकही सांगतात. आधीपासून खचलेल्या मुलांना तो जास्त होतो, आणि फोनवर किती तास गेले यापेक्षा तिथे दिसण्यावरून तुलना किती झाली याला अधिक महत्त्व आहे. पण खचलेली मुलं म्हणजे मोजकी मुलं, असं समजून सोडून देता येत नाही. बोर्डाच्या वर्षात वर्गातली कितीतरी मुलं खचलेलीच असतात.

नियमांकडे पाहिलं तर त्यांचा रोख अजूनही जाहिरातीवरच आहे. सावळी व्यक्ती दुःखी, मागे पडलेली किंवा लग्नाच्या बाजारात कमी दाखवू नये, असा संकेत जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेने २०१४ मध्ये केला. पैसे घेऊन केलेल्या पोस्टमध्ये उत्पादनाचा परिणाम फुगवणारा फिल्टर नको, हे २०२१ मध्ये जोडलं. नॉर्वेने २०२२ पासून दुरुस्त केलेल्या शरीराच्या जाहिरातींवर तसा शिक्का सक्तीचा केला आहे. २०२५ च्या जानेवारीत इन्स्टाग्रामच्या कंपनीने बाहेरच्या लोकांनी बनवलेले फिल्टर बंद केले, स्वतःचे ठेवले. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई करण्याची तरतूद आहे. शेजारच्या वर्गातल्या मुलीचं रील मात्र जाहिरात नसतं. त्यामुळे यांपैकी जाहिरातीचा कोणताही नियम तिथे पोहोचत नाही, आणि नाशिकमधली मुलं दिवसभर पाहतात ती बहुतेक तीच रील्स.