हाताची घडी, तोंडावर बोट: दोन शेऱ्यांचा जुना इतिहास

पहिली-दुसरीतल्या मुलांच्या डायरीत दोन शेरे पुन्हा पुन्हा दिसतात. एक, ‘गृहपाठ अपूर्ण’. दुसरा, ‘वर्गात फार बोलतो’. या दोन तक्रारी आपण वेगवेगळ्या धरतो, पण त्यांचा इतिहास एकत्रच चालत आला आहे. त्या इतिहासात लहान मुलाचं वय, त्याची झोप, त्याच्या बोटांतली ताकद यांचा विचार फार उशिरा झाला.

आजच्या इराकमध्ये, प्राचीन सुमेरमध्ये, लेखनिक घडवणाऱ्या शाळेला ‘एदुब्बा’ म्हणजे पाट्यांचं घर म्हणत. पाटी मातीची आणि लेखणी बोरूची. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या या शाळेत शिकणाऱ्या एका मुलाची दिनचर्या सांगणारा मजकूर सापडला आहे. वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरलेल्या तुकड्यांवरून सुमेरचे अभ्यासक सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी तो विसाव्या शतकात जुळवला. शाळा सुटल्यावर मुलगा घरी येतो, वडिलांना आपली पाटी वाचून दाखवतो आणि वडील खूश होतात. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं बिनसतं. उशीर झाला म्हणून छडी, न विचारता बोलला म्हणून छडी, न विचारता उठला म्हणून छडी. ‘तुझा हात चांगला नाही’, म्हणजे अक्षर वाईट, म्हणूनही छडी. शेवटी वडील गुरुजींना घरी बोलावतात, मानाच्या जागी बसवतात, नवं वस्त्र आणि अंगठी देतात. त्यानंतर गुरुजींना तोच मुलगा गुणी वाटू लागतो. या मजकुराच्या अनेक प्रती मिळाल्या, कारण विद्यार्थी तो सरावासाठी उतरवून काढत. ज्या पोरांनी तो मार खाल्ला असेल, त्यांच्याच हातून ती हकिकत आपल्यापर्यंत आली, हे मला फार हलवून जातं.

इजिप्तच्या लेखनिकांच्या पोथ्यांतलं वाक्य तर याहून थेट आहे: मुलाचे कान त्याच्या पाठीवर असतात, मारलं की तो ऐकतो. जवळजवळ प्रत्येक संस्कृतीत या अर्थाची एखादी म्हण सापडते. विरोधही जुनाच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधल्या क्विंटिलियन या शिक्षकाने लिहून ठेवलं की फटक्यांची शिक्षा गुलामांना शोभणारी आहे, मुलांना नव्हे. मूल तिला सरावतं आणि निर्ढावतं. नीट लक्ष देणारा शिक्षक असेल, तर तिची गरजच पडत नाही. खेळायला आवडणारं मूल बघून आपल्याला वाईट वाटत नाही, असंही तो म्हणतो. पुढे १६९३ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकने इंग्लंडमध्ये जवळपास हेच मांडलं आणि मारापेक्षा मुलाला वाटणारी प्रतिष्ठेची चाड हे खरं साधन मानलं. पण क्विंटिलियन आणि लॉक, दोघांच्याही डोळ्यांसमोर खात्यापित्या घरची मोजकी मुलं होती.

सगळ्यांची मुलं शाळेत येऊ लागली, तेव्हा प्रश्न बदलला. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल हे पाद्री मद्रासमधल्या लष्करी अनाथाश्रमाचे प्रमुख होते. स्थानिक शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि ती पद्धत आपल्या अनाथाश्रमात आणली. थोडी पुढे गेलेली मुलं मागच्यांना शिकवू लागली. १७९७ मध्ये त्यांनी हा प्रयोग लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये शाळा सुरू केली आणि याच धर्तीवर एका दालनात शेकडो मुलं, एक शिक्षक आणि बरेच मॉनिटर अशी व्यवस्था पक्की केली.

शेकडो मुलं एका माणसाच्या नजरेखाली ठेवायची तर काय लागेल? हुकमावर पाटी वर करणं, हुकमावर खाली ठेवणं, रांगेत येणं, रांगेत जाणं, ठरलेल्या खुणेला गप्प होणं. लँकेस्टर क्वेकर या अहिंसा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा, त्याला छडी अमान्य. पण तिच्या जागी त्याने जे आणलं ते आज वाचवत नाही: बोलणाऱ्याच्या गळ्यात लाकडी ओंडका, किंवा त्याला टोपलीत बसवून छताला टांगणं, म्हणजे बाकीच्यांनी बघून हसावं. चांगल्या वागणुकीला बिल्ले आणि तिकिटं होती, ती साठवून खेळणी मिळत. चांगल्या वागणुकीचे स्टार आणि ‘आजचा गुणी विद्यार्थी’ ही याच घराण्यातली मुलं. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ या अपेक्षेचं मूळ मुलाच्या स्वभावात शोधून सापडणार नाही, ते त्या दालनातल्या गणितात आहे. एक मोठा माणूस आणि शेकडो मुलं असतील, तर शांतता हाच पहिला धडा होतो.

गृहपाठाचं बळही असंच बाहेरून आलं. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमांनी प्राथमिक शाळांचं अनुदान हजेरीशी आणि निरीक्षकाने घेतलेल्या वाचन, लेखन, अंकगणिताच्या परीक्षेशी जोडलं. मूल नापास झालं की शाळेचे पैसे कापले जात. मग घोकंपट्टी वर्गात मावेना, ती घरी गेली. १८८४ मध्ये डॉ. जेम्स क्रिच्टन-ब्राउन यांनी लंडनच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांवरच्या अतिताणाबद्दल अहवाल दिला आणि मोठा वाद पेटला. त्याच वर्षी तिथल्या न्यायालयापुढे एक प्रकरण आलं: घरचा अभ्यास केला नाही म्हणून शिक्षकाने मुलाला शाळा सुटल्यावर थांबवून ठेवलं होतं. न्यायालयाने म्हटलं की घरी अभ्यास नेमून देण्याचा अधिकार शिक्षण कायद्यांनी शाळेला दिलेलाच नाही, म्हणून त्यासाठी थांबवून ठेवणंही बेकायदा. शाळेची हद्द कुठे संपते आणि घर कुठे सुरू होतं, हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे नंतर क्वचितच विचारला गेला.

अमेरिकेत हीच लढाई मासिकांतून लढली गेली. १८९७ मध्ये शाळांचे टीकाकार जोसेफ राइस यांनी सुमारे ३३,००० मुलांच्या शुद्धलेखनाच्या चाचण्यांवरून दाखवलं की शब्द घोकण्यात घालवलेला वेळ आणि मुलांना प्रत्यक्षात येणारे शब्द यांचा फारसा मेळ नाही. १९०० मध्ये एडवर्ड बोक या संपादकाने लहान मुलांच्या गृहपाठाला ‘राष्ट्रीय गुन्हा’ म्हटलं. १९०१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला: १५ वर्षांखालच्या मुलांवर घरच्या अभ्यासाची सक्ती करायची नाही. हा कायदा १९१७ पर्यंत टिकला. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. १९०५ मध्ये इटलीतल्या एका शिक्षकाने शिक्षा म्हणून गृहपाठ शोधला, अशी गोष्ट मोबाइलवर सतत फिरते. तिला कसलाही आधार नाही. जी गोष्ट १९०१ मध्ये कायद्याने रोखावी लागली, ती १९०५ मध्ये जन्मेल कशी?

त्या काळातले आक्षेप मुख्यतः आरोग्याचे होते: डोळे, पाठीचा कणा, मोकळी हवा. मग ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेला आपली मुलं मागे पडल्याची धास्ती वाटली. दप्तरं पुन्हा भरली. १९८३ मध्ये जपानच्या आर्थिक मुसंडीने तीच भीती परत आणली आणि सरकारी आयोगाने आणखी गृहपाठ मागितला. या चढउतारांत सहा वर्षांच्या मुलात काहीच बदललं नव्हतं.

संशोधनाची बाजू अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर यांनी १९८९ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये एकत्र मांडली. वरच्या इयत्तांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध दिसतो, प्राथमिक वर्गांत तो जवळपास दिसत नाही. इयत्तेमागे दहा मिनिटं, म्हणजे पहिलीला दहा, तिसरीला तीस, हा अमेरिकेत रुळलेला नियम ते योग्य मानतात. मला तो निदान प्रामाणिक वाटतो, कारण त्यात घड्याळ आहे. ‘धडा पूर्ण करून आणा’ यात घड्याळ नसतं. एका मुलाचा तो दहा मिनिटांत होतो, दुसऱ्याचा रडत रडत दीड तासात.

वागणुकीच्या बाजूला कायदा हळूहळू सरकला. अमेरिकेत न्यू जर्सीने १८६७ मध्येच शाळेतला मार बंद केला होता. इंग्लंडच्या सरकारी शाळांत तो १९८७ मध्ये थांबला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने शाळेची शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी असं म्हटलं, आणि खेळ व विश्रांती हा हक्क म्हणून लिहिला. भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. टोपलीत टांगण्याची आठवण ठेवली, तर त्या दुसऱ्या शब्दाचं वजन कळतं.

मारायचं नाही तर करायचं काय? १९६८ मध्ये अमेरिकेत दोन वर्गांत शिक्षकांना बरोबर घेऊन हे तपासलं गेलं. नियम नुसते सांगून किंवा भिंतीवर लावून फार फरक पडला नाही. शिक्षकांनी किरकोळ चुका सोडून दिल्या आणि नीट चाललेल्या कामाची लगेच दखल घेतली, तेव्हा वर्ग बदलला. पण बक्षिसालाही मर्यादा आहे. १९७३ च्या एका प्रयोगात आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी प्रशस्तिपत्र कबूल करून चित्रं काढायला सांगितली. नंतर ती मुलं मोकळ्या वेळात पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड टिकली.

बंदी घालून गृहपाठ थांबतो का? फ्रान्सने १९५६ मध्ये प्राथमिक शाळेतला लेखी गृहपाठ बंद केला. वर्गातले सहा तास नीट वापरले, तर मुलाकडून त्याहून जास्त श्रम मागता येत नाहीत, असं कारण दिलं. तीच मनाई पुढच्या दशकांत परिपत्रकांतून पुन्हा पुन्हा बजावावी लागली, कारण लेखी काम घरी जातच राहिलं. वही कोरी दिसली की शाळेत काही शिकवत नाहीत अशी शंका पालकांनाच येते, आणि ती दूर करायला शिक्षक चार ओळी लिहून देतात. इंग्लंडने १९९८ मध्ये उलट टोक गाठलं: पाच ते सात वयाला आठवड्याला एक तास असं सरकारी मार्गदर्शन, आणि १९९९ पासून पालकांच्या सहीसाठी वागणूक व गृहपाठाचे करार. ते मार्गदर्शन २०१२ मध्ये मागे घेतलं गेलं, करारांची सक्ती २०१६ मध्ये गेली.

भारतात मुलांवरचं अभ्यासाचं ओझं तपासणाऱ्या यशपाल समितीने १९९३ मध्येच सांगितलं होतं की प्राथमिक स्तरावर गृहपाठ नको, घरच्या परिसराचा शोध घेण्यापुरता असला तर असावा. २०१८ मध्ये केंद्राने पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये असं राज्यांना कळवलं. चीनने २०२१ मध्ये पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ बंद केला आणि तिसरी ते सहावीला साठ मिनिटांची मर्यादा घातली. पोलंडने एप्रिल २०२४ पासून पहिली ते तिसरीचा लेखी गृहपाठ थांबवला. तिथल्या नियमात एक सवलत मात्र ठेवली आहे: लहान मुलांच्या बोटांना वळण लावणारे व्यायाम घरी करायला देता येतात.