शेरीफचा लिलाव वेगळा, बँकेचं घर वेगळं

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत जेवणं उरकली की गप्पा व्याजदरावर येतात आणि तिथून हमखास ‘फोरक्लोजरच्या घरा’वर, म्हणजे कर्ज थकल्यामुळे विकल्या जाणाऱ्या घरावर. मग कुणीतरी ठासून सांगतं, “शेरीफ सेलला बँकेकडून स्वस्तात घर मिळतं.” शेरीफ सेल म्हणजे न्यायालयाच्या हुकमानं काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफनं केलेला लिलाव; तिथे विकणारी बँक नसते, आणि बँक जे घर विकते त्याचा शेरीफ सेल आधीच होऊन गेलेला असतो. दोन निरनिराळे व्यवहार एका वाक्यात कालवायचे आणि वर दुसऱ्याला सल्ला द्यायचा, हे ऐकून माझे कान किटले आहेत.

बँकेच्या मालकीचं घर तुम्हाला ठाऊक आहे. लिलावात कुणी पुरेशी बोली लावली नाही म्हणून ते बँकेच्याच गळ्यात पडलेलं असतं. बँक आत राहिलेल्या मूळ मालकाला बाहेर काढते, कागदपत्रं निस्तरते, कुलूप बदलते आणि एजंटकरवी बाजारात आणते. तुम्ही आत जाऊन बघता, इन्स्पेक्शन करता, कर्ज काढता, टायटल इन्शुरन्स (मालकीहक्काचा विमा) घेता. बँक दुरुस्तीला एक डॉलर देत नाही आणि करार सगळा आपल्या बाजूचा लिहिते. बाकी हे नेहमीच्या घरखरेदीसारखंच.

शेरीफ सेलचं तसं नाही. तिथे न्यायालयाचा निवाडा आणि वसुलीचा हुकूम असतो, आणि काउंटीचा शेरीफ तो बजावतो. (मुंबईचा शेरीफ म्हणजे नगरपाल, ते वर्षभराचं मानाचं पद. इथला शेरीफ खरोखर घराला कुलूप लावायला येतो.) न्यू जर्सीत बोली जिंकली की साधारण २० टक्के रक्कम तिथल्या तिथे आणि उरलेली ३० दिवसांत भरायची. २०२४ पासून घर गमावणारा मालक, त्याचे जवळचे नातेवाईक आणि भाडेकरू यांच्यासह काहींना अटींसह २० ऐवजी ३.५ टक्केच रक्कम आधी भरण्याची सवलत आहे. ती आपल्याला आहे असं समजून कुणी जाऊ नये. घर आतून बघायला मिळत नाही. विक्रीनंतर १० दिवस मूळ मालक पैसे भरून घर सोडवू शकतो. बँक बऱ्याचदा १०० डॉलरपासून बोली सुरू करते, त्यावरून ‘शंभर डॉलरला घर’ हा विनोद जन्माला आला. बँकेची खरी हद्द पुष्कळ वर असते आणि ती गाठेपर्यंत तिला खिशात हात घालावा लागत नाही. तिची येणं असलेली रक्कम हीच तिची बोली.

इथवर चुकलं तर फार तर एक दुपार वाया जाते. लोक खरे बुडतात ते बोज्यात.

गावाकडे जमीन घेताना आपण सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ हा रकाना वाचतो. सोसायटीचा बोजा आहे का, बँकेचा आहे का, हे शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं. तोच पोरगा इथे येऊन म्हणतो, “फोरक्लोजर झालं की सगळी कर्जं धुऊन निघतात.” नाही निघत. ज्या बोज्यापायी घर विकलं जातंय तो आणि त्याच्या मागे लागलेले बोजे पुसले जातात. त्याच्या पुढे असलेले, म्हणजे बहुधा त्याआधी नोंदलेले, जसेच्या तसे घरावर राहतात.

समजा, घरावर २००६ सालचं तीन लाखांचं पहिलं कर्ज आहे आणि २०१५ साली घेतलेलं साठ हजारांचं दुसरं. मालक दुसऱ्याचे हप्ते चुकवतो आणि ती दुसरी बँक न्यायालयात जाते. लिलावात तुम्ही सत्तर हजारांना घर घेता आणि पेढे वाटता. तीन लाखांचं पहिलं कर्ज घरावर तसंच बसलेलं असतं. तुम्ही त्या कर्जाचे ऋणको झालेला नसता, पण ते फेडलं नाही तर ती बँक त्याच घराचा पुन्हा लिलाव लावू शकते. पहिल्या बँकेनं दावा लावला असता, तर दुसऱ्याचा बोजा गेला असता. तोही दुसऱ्या बँकेला दाव्यात प्रतिवादी केलं असेल तरच. वकिलानं एक नाव गाळलं की तो बोजा टिकतो.

म्हणून जाहिरातीतला आकडा वाचण्याआधी दावा कुणी लावलाय, कुठल्या कर्जावर, त्याची नोंद कधीची आणि प्रतिवादींत कोणकोण आहेत, हे वाचा. नगरपालिकेचा मालमत्ता कर आणि पाणी-सांडपाण्याची थकबाकी तर सगळ्यांच्या पुढे बसते. थकलेल्या कराच्या वसुलीच्या हक्काचं प्रमाणपत्र आधीच कुणी विकत घेतलेलं असलं, तर त्यावर दरसाल १८ टक्क्यांपर्यंत व्याज चढत असतं आणि ते फेडणं तुमच्याकडे येतं. कॉन्डो असेल तर असोसिएशनच्या थकबाकीचा काही भागही. संघीय आयकर खात्याचा बोजा मागचा असला आणि पुसला गेला, तरी विक्रीनंतर १२० दिवस त्या खात्याला घर सोडवून घेण्याचा हक्क असतो. तेवढ्या दिवसांत नवं स्वयंपाकघर बसवायला घेऊ नका.

बँकेच्या घरात ही सगळी धुणी बँकेनं धुतलेली असतात. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते त्यासाठी, आणि मला ते महाग वाटत नाहीत. शेरीफ जी डीड (मालकी हस्तांतराचा दस्त) देतो तिच्यात टायटलची हमी नसते. लिलावाच्या आधी टायटल सर्चला काहीशे डॉलर घालवायला जो कुरकुरतो, त्यानं तिकडे फिरकूच नये.

आत राहणारा माणूस ही दुसरी कटकट. मूळ मालक असेल तर ताब्याचा हुकूम काढून शेरीफकरवी त्याला बाहेर काढता येतं. भाडेकरू असेल तर न्यू जर्सीच्या १९७४ च्या कायद्याचं संरक्षण त्याला आहे, आणि घराचं फोरक्लोजर झालं म्हणून ते संपत नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९४ साली दिला. थोडक्यात, तुम्ही त्या भाडेकरूचे घरमालक बनता.

आणि कृपा करून ओहायोचे व्हिडिओ पाहून न्यू जर्सीत बोली लावू नका. तिथे पहिल्या लिलावात मूल्यांकनाच्या दोनतृतीयांशाखाली घर जात नाही, इथे तसा नियम नाही. टेक्सासात तर बँकेच्या कर्जाचा लिलाव बहुधा शेरीफ घेतच नाही. ट्रस्टी घेतो, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. टेक्सासातल्या डॅलसच्या पुतण्यानं काकांना फोनवर दिलेला सल्ला म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या काकांच्या काही कामाचा नाही.