हेन्री मूर यांच्या आकृती लोकरीत कशा आल्या?

सातारा जिल्ह्यातल्या औंधला, यमाईच्या डोंगरावर, भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय उभारलं. तिथली रविवर्मा, धुरंधरांची चित्रं लोक आवर्जून बघतात. त्याच संग्रहात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे शिल्पही आहे, आणि त्यापुढे मात्र फार कमी जण थांबतात. आई आणि मूल हा विषय मूर यांनी आयुष्यभर सोडला नाही. उतारवयात तो लोकरीच्या भिंतपटांवरही आला.

मूर यांचा जन्म १८९८ चा, यॉर्कशायरमधल्या कॅसलफर्डचा. वडील कोळसा खाणीत कामाला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून वाचायला लंडनकर भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपत, त्यांची चित्रं मूर यांनी काढली. आधी मेणाचा खडू, वरून पातळ जलरंग. मेणावर रंग धरत नाही, त्यामुळे रेघ उजळ राहते आणि भोवतीचा रंग पसरतो. हीच रीत त्यांनी १९४० च्या दशकात लंडनचे कापड उत्पादक झिका आशर यांच्यासाठी केलेल्या कापडांच्या नक्षीतही वापरली. ती मात्र छपाई होती.

आधुनिक चित्रं मागावर चढवण्याची सुरुवात फ्रान्समध्ये आधीच झालेली. १९३० च्या दशकात कलासंग्राहक मारी क्युतोली यांनी पिकासो, लेजे या चित्रकारांची चित्रं विणून घेतली. पुढे ओब्युसाँ या फ्रान्समधल्या विणकरांच्या गावी चित्रकार जाँ ल्युर्सा यांनी मोजके रंग आणि जाड सूत यांचा आग्रह धरला.

१९७६ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट डीन कॉलेजमध्ये मूर यांचे पट विणायला घेतले, तेव्हा वाट वेगळी निवडली गेली. लहानशी रेखाटनं भिंतभर करायची, पण कागदावरचा ओला डाग आणि खडूची खरबरीत रेघ जशीच्या तशी दिसली पाहिजे. म्हणून विणकर एकाच कांडीवर वेगवेगळ्या छटांचे बारीक धागे एकत्र घेत. बाणा, म्हणजे आडवा धागा, या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंग आपल्या जागेपुरता जाऊन परत फिरतो. पैठणीचा पदर विणणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही. आपल्या माण तालुक्यातली घोंगडी वेगळी: खड्डामागावर काळ्या लोकरीचा ताणा (उभे धागे), त्याला चिंचोक्याची खळ, आणि बाणा सरळ आरपार. तरीही लोकर ताणली की किती ओढते आणि सैल सोडली की किती फुगते, हे घोंगडी विणणाऱ्या सणगराच्या बोटांना ठाऊक असतं. मूर यांचे पट विणणाऱ्यांनाही हाच अंदाज लागतो. माझ्या लेखी या कामाचं निम्मं श्रेय विणकरांचं.

पहिले पट १९८० मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मांडले गेले. मूर १९८६ मध्ये वारले. वेस्ट डीनला त्यांचे एकूण २३ पट विणले गेले, आणि त्यांच्यासाठी सुरू झालेली विणकामशाळा पुढे इतर कलावंतांची कामंही घेऊ लागली.