जुनं बारूददान ऑनलाइन घेताय? आधी झीज पाहा

फोटो दाखवून ग्राहक आम्हाला पहिलं विचारतात, "रंग जुना वाटतोय ना?" रंगाचं सोडा. अमोनियाच्या वाफेत एक रात्र ठेवलं तरी पितळ शंभर वर्षांचं दिसू लागतं. झीज मात्र अशी रातोरात आणता येत नाही.

ठासणीच्या बंदुकीसोबतचं, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासायच्या बंदुकीची दारू ठेवायचं, तांब्या-पितळेचं बारूददान घ्या. त्यावर उठावाचं शिकारीचं चित्र असेल, तर कुत्र्याचं नाक, पक्ष्याची छाती असे उंच भाग हाताळून गुळगुळीत झालेले असतात, आणि पिसांमधल्या खाचा अजून धारदार असतात. उंच आणि खोल दोन्ही भाग सारखेच बोथट दिसले, तर ती ओतीव नक्कल असण्याची शक्यता मोठी. अस्सल बारूददान बहुधा पत्र्याचे दोन अर्धे ठशाने दाबून आणि झाळून जोडलेलं असतं. मूळ वस्तूवरून साचा काढून ओतलेली प्रत धातू थंड होताना आकसते, म्हणून किंचित लहान भरते. भिंती जाड, म्हणून वजन जास्त. विक्रेत्याकडून माप आणि वजन मागाच. दोरीच्या कड्या आतल्या बाजूने झिजल्यात का, तेही पाहा.

बारूददानं बनवणाऱ्या, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या 'जेम्स डिक्सन अँड सन्स' कंपनीचा ठसा दिसला की किंमत चढते. पण ठसा हा पुरावा नाही. नावही उचलता येतं.

स्क्रू नीट बघा. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकातला, त्यामुळे तो असेल तर निदान दुरुस्ती तरी नंतरची. नुसतं 'इंग्लंड' कोरलेलं असेल, तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची. अमेरिकेत आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं झालं, ते तेव्हापासून.

बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या ओतायच्या साच्यावरचा आकडा बहुतेक विक्रेत्यांना कळत नाही. जुन्या साच्यांवर तो बऱ्याचदा मिलिमीटरचा नसतो. '१२' म्हणजे एका पौंड शिशात त्या मापाच्या बारा गोळ्या, म्हणजे व्यास जवळपास साडेअठरा मिलिमीटर. साच्याच्या पोकळीला कॅलिपर लावलेला फोटो मागवा. माप याच्या आसपासही नसेल, तर आकडा मागाहून ठोकलेला असू शकतो.

चामडी पेटीचं कातडं जुनं असू शकतं आणि शिलाई नवी, असा प्रकार आम्ही एकदा स्वतः घेऊन फसलो. दोरा एकसारखा चमकत होता, आम्ही पाहिला आणि तरीही पैसे दिले!

बारूददान घरी आलं की आधी हळूच कलतं करून पाहा. आत बंदुकीची काळी दारू उरलेली असू शकते आणि कोरडी असेल तर ती आजही पेट घेते. ठोकू नका, तापवू नका, झाळकाम तर नाहीच.

आमच्याकडे तपासायला पाठवताना तळ, सांधा, तोंडाची स्प्रिंग आणि कड्या यांचे दिवसाच्या उजेडातले, फिल्टर न लावलेले फोटो पाठवा. दर्शनी बाजूचा नुसता एक फोटो आला, तर आम्ही मत देत नाही.