शुगर वाढलीय आणि एका बाजूचा गाल बधिर झालाय? थांबू नका

म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार म्हटलं की सगळ्यांना २०२१ ची दुसरी लाट आठवते, इंजेक्शनसाठी या मेडिकलमधून त्या मेडिकलमध्ये धावणारे नातेवाईक आठवतात. लाट ओसरली तसा विषयही मागे पडला, पण हा आजार कोविडच्या आधीपासून आपल्याकडे आहे आणि ज्यांची शुगर हाताबाहेर गेलेली असते त्यांना तो आजही होतो.

ही बुरशी शिळ्या पावावर येते त्याच जातकुळीतली. तिचे बीजाणू हवेत असतातच, आपण सगळेच ते श्वासातून घेतो आणि तब्येत धड असेल तर पांढऱ्या पेशी त्यांचा तिथेच निकाल लावतात. पण शुगर खूप वाढून रक्तात किटोन साचले, रक्तातलं आम्ल वाढलं, की या पेशी ढिल्या पडतात आणि प्रथिनाला बांधलेलं लोह सुटं होतं, बुरशीला नेमकं तेच हवं असतं. मग ती सायनसमधून रक्तवाहिन्यांमध्ये शिरते, गुठळ्या होतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरून काळा पडतो.

म्हणजे टाळूवर किंवा नाकात काळं दिसतं तेव्हा तिथलं मांस मेलेलं असतं, त्यामुळे काळं दिसायची वाट बघायचीच नाही! त्याआधी एकाच बाजूचं नाक चोंदतं, शेंबडातून रक्त येतं, त्या बाजूचा गाल ठणकतो नाहीतर चक्क बधिर होतो, तोंड धुताना हात लागलेला नीट कळत नाही. वरचे चांगले दात हलायला लागतात, आणि माणूस साहजिकच आधी डेंटिस्टकडे जातो, तिथे आपल्याला डायबेटीस आहे हे आवर्जून सांगा. पापणी सुजली, उघडेना, एकाची दोन दिसायला लागली तर बुरशी डोळ्यापर्यंत गेलेली असू शकते, मग त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, रात्र असली तरी.

कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बिणीने नाक तपासून छोटा तुकडा काढतात, मायक्रोस्कोपखाली रुंद, रिबिनीसारखे धागे काही तासांतच दिसू शकतात. पसरलंय किती ते एमआरआयमध्ये कळतं. नुसत्या गोळ्यांवर हे भागत नाही, मेलेला भाग ऑपरेशनने काढावा लागतो, अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध शिरेतून द्यावं लागतं आणि त्याच वेळी शुगर खाली आणावी लागते. बुरशी कुठली ते कळणंही महत्त्वाचं, कारण अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर चालणारं व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही. अँफोटेरिसिन सुरू असताना किडनीवर ताण येतो, पोटॅशियम उतरतं, म्हणून रक्त वारंवार तपासतात, त्याला घरच्यांनी कंटाळू नये.