शेवाळलेल्या रस्त्यावर सायकल (कोकण)

कोकणात जून ते सप्टेंबर डांबरावर, जांभ्या दगडाच्या पाखाडीवर (पायऱ्यांच्या वाटेवर) आणि जेटीच्या उतारावर शेवाळ धरतं, तिथून न पडता सायकल नेणं ही एक वेगळीच सवय आहे आणि ती लावून घ्यावी लागते. थंड देशात हाच प्रश्न बर्फाचा, फिनलंडमधल्या ओऊलू शहरात लोक भर हिवाळ्यात सायकलने कामाला जातात आणि त्यांच्यातल्या काहींच्या टायरमध्ये धातूचे बारीक खिळे बसवलेले असतात. आपल्याकडे तसले टायर नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त नजरेवर आणि ब्रेकवर.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि फणस-आंब्याच्या दाट सावलीत रस्त्याला ऊनच लागत नाही. गाड्यांची चाकं जिथून जातात तिथलं डांबर घासून स्वच्छ राहतं, पण मधला पट्टा आणि कडा हिरव्या होतात आणि सायकलवाला नेमका कडेने जातो. ओलं डांबर काळं चकचकतं, शेवाळाचं मात्र मंद काळपट-हिरवं दिसतं, हा फरक ओळखता आला की अर्धं काम झालं. पहिल्या पावसात शेवाळ नसतं पण उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ वर येते, ती पण तितकीच वाईट. बंदराजवळ मासळीच्या गाडीतून सांडलेलं पाणी, चिऱ्याच्या डंपरमधून पडलेली लाल माती, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, साकवावरचा (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरचा) लोखंडी पत्रा, हे सगळं त्यातच धरायचं.

मुख्य गोष्ट एकच, वेग शेवाळाच्या आधी कमी करायचा, शेवाळावर नाही. चाक त्याच्यावर गेलं की ब्रेक नको, हँडल वळवणं नको, जोरात पायडल पण नको, सरळ धरून तसंच पार व्हायचं. मागचं चाक सरकलं तर बऱ्याचदा सावरता येतं, पुढचं सरकलं की माणूस खालीच. रिम पकडणारे ब्रेक असतील तर भिजलेली रिम पहिल्या एक-दोन फेऱ्यांत नीट धरतच नाही, म्हणून उताराच्या आधीच हलके दाबून पाणी पुसून घ्यायचं. जुन्या काळ्या सायकलींच्या चकचकीत स्टीलच्या रिमला तर पावसात ब्रेक लागतो की नाही असंच वाटतं. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, आणि घासून गुळगुळीत गोटा झालेला टायर मे महिन्यातच बदलावा.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती शाळेच्या पोरांची. डाव्या हातात छत्री, पाठीवर दप्तर, आणि उजवा हात ज्या ब्रेकवर तो बहुतेक सायकलींना पुढच्या चाकाचा असतो, म्हणजे घाबरून दाबला की नेमकं नको तेच होतं. रेनकोट घ्या, दोन्ही हात हँडलवर राहू द्या. घराच्या खळ्यात (अंगणात) आपण ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतो ना, वाडीतल्या वळणावरही तेवढं केलं तर पोरांचे हातपाय वाचतील.

पाखाडीवर आणि जेटीवर मात्र चालवायचीच नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोटीला जाताना भरतीचं पाणी जिथपर्यंत चढतं तिथून खालचा उतार बुळबुळीत असतो, तिथे उतरून सायकल हातात धरायची, दोन्ही ब्रेक हलके दाबून, आणि पाऊल आडवं टाकत खाली जायचं.